दंडावरचा व्रण आणि आबाजींचं औषध

बालदोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात नांदगाव खंडेश्वरहून एक पत्र आलंय. लिहिणारी मुलगी आठवीत आहे. 'काका, माहं नाव छापू नका,' असं तिनं वर ठळक अक्षरांत बजावलंय. तेव्हा नाव नाही, पण पत्र मात्र तिच्याच शब्दांत वाचा :

'काका, आमच्या आबाजीले मूत्राशयाचा कॅन्सर झाला. अमरावतीले दुर्बिणीतून गाठ काढली. आता दर आठवड्याले नळीतून औषध सोडतात. त्या औषधाचं नाव मी कागदावर वाचलं, तं ते बीसीजी! ते तं लहानपणी टीबी होऊ नये म्हणून देतात ना? माह्या दंडावर त्याचा व्रण बी आहे. डॉक्टरची चूक तं नाही झाली? अन् शेजारची काकू म्हणते, आबाजीच्या ताटात जेवू नको. दुसरं असं, का बाबा म्हणतात तू डॉक्टर हो. मले पेशी, जंतू हे सगळं वाचायले लई आवडते, पण रक्त पाहिलं का चक्कर येते. मंग माहा काही उपयोग नाही का?'

पाहिलंत, एका पत्रात तीन प्रश्न! आणि तिन्ही असे, की मनात ठेवले तर झोप येऊ नये. एकेक करून सोडवू या.

आधी ताटाचा प्रश्न, कारण तो सगळ्यात सोपा. बेटा, आबाजींच्या ताटात खुशाल जेव. कॅन्सर शिवल्यानं, सोबत जेवल्यानं, एका अंथरुणावर बसल्यानं होत नाही. ज्या दिवशी नळीतून औषध सोडतात, त्या दिवशी संडास कसा स्वच्छ करायचा ते डॉक्टरांनी सांगितलं असेल. तेवढं पाळायचं. काकूंना रागावू नकोस, त्यांना नीट समजावून सांग.

आता बीसीजी. चूक झालेली नाही हं! फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईगुरांच्या क्षयाचा जंतू घेतला. तो बटाट्याच्या कापांवर वाढवायचा, थोड्या दिवसांनी नव्या कापावर न्यायचा, पुन्हा नव्या. असं त्यांनी थोडंथोडकं नाही, 13 वर्षं केलं, सुमारे 230 वेळा! होता होता जंतू इतका दुबळा झाला, की त्यानं रोग होईना. पण शरीर मात्र त्याला पाहून सावध होई. 1921 मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली. काल्मेत आणि गेरँ यांच्या नावांवरूनच ती 'बीसीजी' झाली.

पुढे कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ही लस मूत्राशयात सोडून पाहिली आणि 1976 मध्ये तिचा अहवाल छापला. रुग्ण होते अवघे नऊ. मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. तिच्या आतल्या अस्तरावर हे दुबळे जंतू आले, की शरीराचे शिपाई तिकडे धावतात. एकदा धावले, की उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींनाही ते सोडत नाहीत. चोर पकडायला गावकरी जमावेत आणि त्यांना दुसराही चोर सापडावा, तसंच ना? मूत्राशयाच्या प्रत्येक कॅन्सरला हा उपाय चालत नाही. पण गाठ आतल्या अस्तरापुरती असेल, तर ती काढल्यावर बहुधा दर आठवड्याला एकदा असं सहा आठवडे हे औषध देतात. तुझे आबाजी तेच घेताहेत.

आता तिसरा प्रश्न. हाच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो.

8 नोव्हेंबर 1917. पुण्यात समर्थांच्या घरी कमल जन्मली. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमल हुजूरपागेत शिकली. हुशार मुलगी! वडिलांची फार इच्छा, की हिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, आणि 1939 मध्ये लग्न केलं ते जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी! 1943 मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून ती एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी. आता तुम्हीच सांगा, सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध?

संबंध पेशीचा. झाड असो की माणूस, शरीर पेशींचंच. कमलाबाई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. 1949 मध्ये पीएच.डी. झाल्या. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्या एक विद्या शिकल्या : शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याची.

ही विद्या मोठी गमतीची. कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या पिलाच्या हृदयाच्या पेशी घेऊन काचेच्या बशीत ठेवल्या, तर त्या तिथेही धडधडतात! आधी प्रत्येकीची चाल वेगळी. मग वाढता वाढता त्या एकमेकींना चिकटल्या, की सगळ्या एका तालात धडधडू लागतात. आपल्या छातीत हा ताल बिघडला, की डॉक्टर म्हणतात, ठोके अनियमित झाले. म्हणजे पाहा, कॅन्सर शोधणारा आणि हृदयाचा ताल शोधणारा, दोघंही एकाच काचेच्या बशीपाशी येऊन बसतात.

मुंबईत परत येऊन कमलाबाईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात अशी प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशात त्या वेळी ही विद्या अगदी नवी होती. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा काय वाटा असतो, ते शोधलं. आणि मग त्या एका भलत्याच रोगाकडे वळल्या. कुष्ठरोगाकडे!

अमरावतीजवळचं तपोवन तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ते कुष्ठरोग्यांसाठी उभारलं. 'याच्या ताटात जेवू नको' हे वाक्य त्या माणसांनी जन्मभर ऐकलं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 मध्येच शोधला होता. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. पण पठ्ठ्या काचेच्या भांड्यात काही केल्या वाढेना! आणि भांड्यात वाढत नाही तोवर लस तरी कशी करणार?

1958 मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू वेगळा करून वाढवला. केवढा आनंद झाला असेल! केंद्राच्या इंग्रजी नावावरून त्याला 'आयसीआरसी' जंतू म्हणतात. पण पुढच्या तपासणीत ठरलं, की हा खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, त्याच्या कुळातला दुसराच आहे. खरा जंतू आजपर्यंत कुणालाच भांड्यात वाढवता आलेला नाही.

मग काय, मेहनत फुकट गेली? मुळीच नाही! त्याच जंतूपासून पुढे मुंबईत डॉ. माधव देव यांनी लस केली. दक्षिण भारतात मोठी चाचणी झाली. 1998 मध्ये तिचे आकडे छापून आले : या लसीनं सुमारे 65 टक्के संरक्षण दिलं. आणि त्याच चाचणीत तुझ्या दंडावरच्या बीसीजीनंही दिलं, सुमारे 34 टक्के! ती नवी लस आज सर्रास दिली जात नाही, कारण तोवर चांगल्या गोळ्या आल्या होत्या. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्र द्यायची औषधं ठरवून दिली. त्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झालं की त्याचा संसर्ग लवकरच थांबतो.

कमलाबाईंचं आणखी एक काम तुमच्या गावच्या पानटपरीपर्यंत येतं. सुपारी आणि तंबाखू यांनी कॅन्सर होतो का, हे त्यांच्या गटानं प्राण्यांवर तपासलं आणि 1976 मध्ये छापलं. आबाजींवरच्या उपचाराचा पहिला अहवालही त्याच वर्षीचा, बरं का! पुढे 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं जाहीर केलं, की तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो. म्हणजे टपरीवर घोटून देतात त्या खर्र्यात दोन्ही शत्रू एकत्र! आणि बिडी-सिगारेटचं म्हणाल, तर तिचं विष फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतं. लघवी तासन् तास साठते ती मूत्राशयात. म्हणून धूर छातीत ओढला, तरी गाठ खाली होऊ शकते. आबाजी बिडी ओढतात की नाही, हे तू लिहिलं नाहीस. ओढत असतील तर तुझ्या शब्दानं सोडतील, बघ.

1973 मध्ये कमलाबाईंनी मैत्रिणींसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे त्यांनी आदिवासी मुलांच्या आहाराचा अभ्यास केला, खेड्यांतल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. 2001 मध्ये त्या गेल्या.

तर बेटा, त्यांनी एकाही रुग्णाला सुई टोचली नसेल, पण रुग्णांसाठीच त्या आयुष्यभर राबल्या. डॉक्टर होणं फार चांगलं. तुझी चक्करही कदाचित सवयीनं जाईल, पुष्कळांची जाते. पण नाही गेली, तरी कॅन्सरशी लढायची दुसरी वाट आहे, आणि ती बी.एस्सी., एम.एस्सी.च्या वर्गातून जाते. हा अंक बाबांना वाचायला दे. वाद घालू नकोस, नुसता दे.

आणि तुम्हा सगळ्यांना या आठवड्याचं काम : कांद्याचं पातळ साल काढा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका आणि सरांना विचारून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. विटांसारखं काय दिसतं, त्याचं चित्र काढून मला पाठवा. कमलाबाईंची सुरुवातही झाडांच्या पेशींपासूनच झाली होती!

आबाजींना माझा नमस्कार सांग. सहा आठवडे पुरे झाले, की पुन्हा पत्र लिही. मी वाट पाहतोय.

तुमचा,
काका