आज तिथी कोणती?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मधे खंड पडला. आता दिसतंय चांगलं, तेव्हा सबब उरली नाही.

विषय घरगुतीच आहे. नात पुण्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात तिची सेमिस्टरची परीक्षा संपली. शेवटचा पेपर शुक्रवारी, आणि त्याच रात्रीच्या एसटीनं पाच जणांनी दापोलीला जायचं, शनिवार-रविवार मुरूडच्या समुद्रावर काढायचा, सोमवारी परत, असा बेत तिनं सांगितला. तीन मुली, दोन मुलगे. राहायची सोय एका घरगुती ठिकाणी. खर्च स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. मुलींना एसटीत अर्धं तिकीट (2023 पासून बायकांना ही सवलत मिळाली), त्यामुळे तेवढाच हातभार!

'मुरूड' हा शब्द ऐकला आणि सूनबाईंच्या पोटात गोळा आला. त्यांना 2016 चा फेब्रुवारी आठवला. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली होती आणि 14 विद्यार्थी समुद्रात बुडाले होते. त्या रात्री टीव्हीसमोर बसून मीही रडले होते. मुलगा म्हणाला, "ते मुरूड वेगळं. ते रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याजवळचं. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं." खरं आहे, मुरूड दोन आहेत. पण समुद्र एकच ना! सूनबाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "जायचं नाही."

मग प्रकरण माझ्याकडे आलं. घरात काही अडलं की आधी सगळे आपापसांत भांडतात आणि मग म्हातारीला विचारतात, तशी आमच्याकडे पद्धत आहे. मी म्हटलं, "जाऊ दे तिला." त्यावर जे काही बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पण मी असं का म्हटलं ते मात्र लिहिते, कारण तेव्हा मला ते धड सांगता आलं नाही.

माझं बालपण सोलापूर जिल्ह्यातलं. पाणी म्हणजे विहिरीचं, तेही उन्हाळ्यात तळाला गेलेलं. मुलगे विहिरीत सूर मारायचे, आम्ही मुली काठावर कपडे राखायचो. बी.ए.ची परीक्षा संपली तेव्हा आमच्या वर्गातली मुलं चार दिवस गणपतीपुळ्याला गेली. आम्ही तीन मुली होतो वर्गात. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी घरी सांगायची छाती नव्हती. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर कुरडयांच्या चिकाला बसले. तक्रार नाही करत. तेव्हा तसंच होतं.

पुढे शाळेत लागले आणि भूगोल माझ्याकडे आला. आता गंमत बघा. मी भरती-ओहोटी शिकवायला लागले तेव्हा मी समुद्र पाहिलेलाच नव्हता! फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी अशी सुबक आकृती काढायची. अमावास्या-पौर्णिमेला तिघे एका रेषेत, म्हणून उधाणाची भरती. अष्टमीला काटकोनात, म्हणून भांगाची भरती. 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न ठरलेला. मुलं चोख लिहायची, मी चोख गुण द्यायची. आकृतीला नावं दिली नाहीत तर अर्धा गुण कापायची.

1984 साली सहल अलिबागला नेली. नववीची बेचाळीस मुलं आणि आम्ही तीन शिक्षक. सकाळी समुद्र मागे गेलेला होता. लोक कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेले दिसले, म्हणून आम्हीही निघालो. ओहोटीला तिथे ओल्या वाळूतून चालत जाता येतं, तांगेही जातात. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे. एवढं चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचा तलाव! मुलं हरखून गेली. आरती म्हटली, डबे सोडले, गाण्याच्या भेंड्या झाल्या. तटावरून एका मुलीनं हाक मारली, "बाई, वाट दिसत नाही."

खरोखरच वाट नव्हती. आलो त्या वाळूवर पाणी पसरत होतं. आम्ही घाईनं मुलांना हाताला हात धरून बाहेर काढलं. आधी पोटऱ्या, मग गुडघे, आणि लहान चणीच्या मुलांना तर कमरेच्या वर. मधे एक मुलगा पाय घसरून आडवा झाला. त्याची सदऱ्याची कॉलर माझ्या हातात आली म्हणून, नाहीतर... तो आज दोन मुलांचा बाप आहे, दिवाळीला फोन करतो. तो फोन आला की दर वेळी माझ्या मुठीत ती ओली कॉलर येते.

किनाऱ्यावर एक वयस्कर तांगेवाला उभा होता. बहुतेक आम्हाला बघूनच थांबला असावा. सगळी मुलं मोजून होईपर्यंत तो गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. मग त्यानं विचारलं, "पोरांना भूगोल कोण शिकवतं?"

मंडळी, या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. सरळ मुलांकडे वळले आणि ओरडले, "ओळीत उभे रहा!"

त्या माणसानं मग मला जे शिकवलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिथीची पाऊणकी करायची. आमच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेली आहे. आताच्या मुलांसाठी सांगते, तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. यामागचं शास्त्र मी रोज शिकवत होते तेच! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण चंद्र तेवढा उशिरा येतो. पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळमानानं पाऊण तास. आकृती माझी होती, हिशेब त्याचा होता. दोन्हींची गाठ पडायला बेचाळीस मुलांना पाण्यातून चालावं लागलं.

हा हिशेब अंदाजाचा आहे, हेही त्यानंच सांगितलं. मुंबई-अलिबागकडे तो बऱ्यापैकी जुळतो. खाली दक्षिणेला जावं तशी भरती थोडी आधी येते. आता तर वेळा मोबाईलवर मिळतात. पण मोबाईलवर मिळतात म्हणून कुणी बघतं का? नेमका तोच माझा मुद्दा आहे.

त्यानंतर आमच्या शाळेनं समुद्राची सहल कायमची बंद केली आणि खरं सांगते, तो ठराव मीच मांडला होता! सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढची कितीतरी वर्षं आमच्या शाळेची मुलं भरती-ओहोटी शिकली, पण समुद्र न बघता. परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळत गेले. आणि पुढे कॉलेजात गेल्यावर, पहिली मोकळीक मिळाल्यावर, ती समुद्रावर गेली नसतील का? गेलीच असणार. आम्ही धोका टाळला नाही, फक्त आमच्या हाजरीपटातून काढून टाकला. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. शहाणपणही भरतीसारखं, उशिरा येतं.

'नाही' म्हणणं सगळ्यात सोपं. पण वीस वर्षांच्या मुलीला 'नाही' म्हटलं की दोनच गोष्टी होतात. एक तर ती माझ्यासारखी चिकाला बसते आणि आयुष्यभर पाण्याला भिते. नाहीतर 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते' असं सांगून जाते. दुसरी गोष्ट जास्त भयंकर, कारण मग ती कुठे आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. परीक्षेचे तीन आठवडे रात्र-रात्र जागलेल्या मुलांना दोन दिवस मोकळं व्हावंसं वाटतं यात गैर काय? पूर्वी परीक्षा संपली की मामाचं गाव असायचं. आता सेमिस्टरमधली सुट्टी हातावर मोजण्याइतकी आणि मामाही फ्लॅटमध्ये.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्याम पोहायला जायला भितो, लपून बसतो, तर आई त्याला मारून पोहायला पाठवते. आपण ते वाचून डोळे पुसतो आणि आपल्या मुलांना मात्र पाण्यापासून लांब ठेवतो. त्या माउलीची माया आपल्यापेक्षा कमी होती का? तिला कळत होतं की मुलगा कधी ना कधी पाण्याशी जाणारच, तेव्हा आपण बरोबर नसू.

तर मी नातीला समोर बसवलं. जाण्याआधी तुझी तोंडी परीक्षा, म्हटलं. दशमीला पूर्ण भरती किती वाजता? तिनं मोबाईल काढला. मी म्हटलं, "मोबाईल नको, तोंडी." दहाची पाऊणकी साडेसात, म्हणजे सकाळी-संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी दीडच्या आसपास ओहोटी. आलं तिला!

मग बाकीचं सांगितलं. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा उतरायचं नाही. खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी कधीच नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जातंच. ते जिथून जातं तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, आणि पोरं फसून नेमकी तिथेच उतरतात. त्या ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जायचं. नाही जमलं तर तरंगत राहायचं आणि हात वर करून हाक मारायची. एक जण ओढला गेला तर बाकीच्यांनी साखळी करून मागे उडी घ्यायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं.

शेवटी एक गृहपाठही दिला, मुरूडला महर्षी कर्व्यांचं स्मारक बघून यायचं. त्याच गावातून अण्णा परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले होते, आणि तिथे 'सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. वय भरलं होतं, दिसत नव्हतं इतकंच. सूनबाई हे ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण गोष्ट त्यांच्यासाठीच होती. आपली मुलंही आपल्याला कायम लहानच दिसतात.

गेली. शुक्रवारी रात्री मला झोप लागली असं म्हणणार नाही. शहाणपण वेगळं आणि काळीज वेगळं.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. सकाळी पोचल्या पोचल्या दहा वाजता सगळे समुद्राकडे धावत निघाले होते. हिनं घड्याळ बघून अडवलं, तर बरोबरची मुलं हसली. तेवढ्यात घरमालकीण काकू अंगणातून ओरडल्या, "सुकती लागली आहे, आत्ता नको. पोहे खाऊन घ्या, संध्याकाळी जा!" मग कुणी हसलं नाही. दुपारी हर्णैला गेले, संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव बघितला, परत येऊन भरतीच्या पाण्यात गुडघ्याइतके उभे राहिले. "आजी, तुझी पाऊणकी थोडी चुकली हं. काकू म्हणाल्या, इथे भरती जरा आधी येते."

मी म्हटलं, "मग काकूंचं ऐक."

मंडळी, माझं म्हणणं एवढंच. मुलं समुद्रावर जायचं म्हणाली की 'कोण कोण आहे' हे आपण विचारतो, ते विचारावंच. पण त्याच्या जोडीला हेही विचारा: पोहता कुणाकुणाला येतं? भरती किती वाजता? तिथे ओळखीचं माणूस कोण? आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माझ्या भगिनी-बंधूंनो, आकृतीला नावं दिली नाहीत तर अर्धा गुण जरूर कापा. फक्त त्याआधी मुलांना एकदा विचारा, आज तिथी कोणती?

ता.क. सूनबाईंनी पोहण्याच्या तलावावर नाव घातलं आहे. सकाळी सात ते आठ, फक्त महिलांसाठी. मला चला म्हणाल्या. पंचाहत्तरीत आता काय जमणार, असं म्हणत मी बुधवारी काठावर बसून पाय बुडवून आले. कपडे राखायला नव्हते गेले, एवढं मात्र नक्की!