वेळापत्रक सर्वांचे

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००५ साली ‘ट्रायमेट’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेने आपली वेळापत्रके गूगलला दिली. संस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांची इच्छा साधी होती: मोटारीचा रस्ता जितक्या सहज सापडतो, तितक्याच सहज बसचाही सापडावा. त्यातून ‘जीटीएफएस’ हा आराखडा जन्मला. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांच्या साध्या मजकुराच्या फायली, एका झिपमध्ये बांधलेल्या. आज जगभरच्या वाहतूक संस्था तो वापरतात.

मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल. एका कंपनीच्या नकाशावर न थांबता ट्रायमेटने २००९मध्ये ‘ओपनट्रिपप्लॅनर’ या मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ दिले. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरचे रस्ते जीटीएफएसच्या फायलींशी जोडून हे सॉफ्टवेअर चालणे, सायकल, बस, रेल्वे असा सलग प्रवास आखून देते. हेलसिंकीनेही ते स्वीकारले. आपल्याकडे दिल्लीने २०१८मध्ये बसची माहिती खुली केली.

मुंबई आणि पुणे शहरांतल्या बसचे वेळापत्रकही जनतेच्याच पैशातून बनते. ते कोणालाही अर्ज-विनंत्यांशिवाय उतरवून घेता आले पाहिजे, आणि मार्ग बदलला की त्याच दिवशी फाइलही बदलली पाहिजे. या अंकाचा मुख्य विभाग याच मागणीसाठी आहे.