जायकवाडी ६५ टक्के, पण कशाच्या?

पावसाळ्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात दोन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. जायकवाडीची पातळी किती फूट आणि साठा किती टक्के. यातला पहिला आकडा मोजलेला असतो, दुसरा नाही. पातळी घेऊन तो एका तक्त्यातून काढतात आणि तो तक्ता तळाच्या आकारावरून बनलेला असतो. तळ बदलला की तक्ता खोटं बोलायला लागतो.

धरण १९७६ चं. गोदावरी तेव्हापासून गाळ आणतेय. गाळ मृत साठ्यात जाऊन बसतो, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरताना तिचा वेग मंदावतो आणि जाड गाळ तिथेच, वरच्या उथळ भागात पडतो. म्हणजे उपयुक्त साठ्यातच.

मग तळ मोजायचा कसा? होडीला इको साउंडर लावतात. तो पाण्यात ध्वनी सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. १० मीटर खोलीला जेमतेम १३-१४ मिलिसेकंद. सोबत जीपीएस. होडी ठराविक अंतराच्या समांतर रेषांवर फिरते, दोन रेषांमधला तळ सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. (सुंदर रंगीत नकाशा बघताना हे विसरायला होतं. त्यातले बरेच ठिपके कुणी मोजलेलेच नसतात.) कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीमुळे प्रत्येक नोंद दुरुस्त करावी लागते, तो त्रास इथे नाही. पण ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, ३० अंशांना १५०९. हा फरक धरला नाही तर १० मीटरला १८ सेंटिमीटरची चूक. शिवाय मऊ चिखल. जास्त वारंवारतेचा ध्वनी चिखलाच्या वरूनच परततो, कमी वारंवारतेचा आत घुसतो. तळ नक्की कुठला, हे आधी ठरवावं लागतं.

जायकवाडी पसरट आहे, भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यावर सरासरी १० सेंटिमीटर चुकलात तर हिशेबात सव्वा टीएमसीचा फरक पडतो!

उपग्रहाची पद्धत स्वस्त आहे. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलंय ते चित्रांतून मोजायचं. पण पाणी जिथवर उतरलं तिथवरच ती चालते. दुष्काळात शहर ज्या मृत साठ्यावर तगतं, त्याचा तळ तिला दिसतच नाही.

आता भांडणाकडे येऊ. २०१४ च्या आदेशानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. नाशिक-नगर आणि मराठवाडा दरवर्षी या ६५ वर भांडतात. पण ६५ टक्के कशाच्या? मूळ उपयुक्त साठा ७६.६ टीएमसी धरला तर जवळपास ५० टीएमसी. समजा, त्या पातळीखालच्या उपयुक्त साठ्यात ४ टीएमसी गाळ बसलाय. जुना तक्ता तरीही ५० दाखवेल, हातात येतील ४६. वरून पाणी मागायचा हक्क मात्र गेलेला असेल.

रोजच्या टक्केवारीशेजारी एवढंच छापावं: हा तक्ता कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा आणि त्यात होडी किती अंतराच्या रेषांवर फिरली होती.