१-०-१ म्हणजे काय हो?

आपल्या एनएसएस कॅम्पमध्ये दरवर्षी दात घासण्यावरचं पथनाट्य ठरलेलं. टाळ्याही पडतात. पण गाडं अडतं ते दुसरीकडेच!

मेसमधल्या एक मावशी रोज सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांना चोळायची. दात हलत नाहीत म्हणे! तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र त्याच बोटावर. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी आली. तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असतो. पण घरच्या डबीतल्या मशेरीवर कोण काय छापणार?

मागे त्यांची दाढ सुजली. चिठ्ठीवर लिहिलेलं, १-०-१, पाच दिवस. मावशींना सही येते, एसटीची पाटी वाचता येते. २०११ च्या जनगणनेत समजून लिहिता-वाचता येणारा तो साक्षर. आकडेमोडीचं त्यात नावच नाही. मधलं शून्य बघून त्यांनी गोळी एक दिवसाआड घेतली. सूज उतरल्यावर उरलेल्या गोळ्या सुनेला! आणि आपण इथे मॅट्रिक्स सोडवत बसलोय.

यंदा पथनाट्य राहू द्या. मेस आवरल्यावर रोज अर्धा तास बसू. औषधाची चिठ्ठी, एक्सपायरी डेट आणि तंबाखूवर महिन्याला किती जातात तो हिशोब. तो त्यांनीच मांडायचा, आपण लेक्चर द्यायचं नाही. मावशी तयार आहेत. पाटी-खडू मी आणलाय, शिकवायला अजून दोघं-तिघं हवेत.