'मार्जारी'च्या सुगंधाची किंमत

संस्कृत कोशात 'मार्जारी' शब्द काढला, तर त्याच्यापुढे तीन अर्थ सापडतात: मांजरी, जवादी मांजर आणि कस्तुरी. पहिल्या अर्थात नवल नाही. 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. दिवसभर स्वतःचं अंग चाटत बसणारा प्राणी तो मार्जार; आपलं 'मांजर' त्यावरूनच आलं. पण कस्तुरी तर हरणाची. 'मृगमद', 'मृगनाभी' या नावांतच ते आहे. मग ती मांजरीच्या नावावर कशी लागली?

कोशकारांचा गोंधळ म्हणून हे सोडून देऊ नये. जवादी मांजर खरं तर मांजरकुळातलं नव्हेच, त्याचं कुळ वेगळं. त्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून लोण्यासारखा पिवळसर स्राव निघतो. ताजा असताना त्याची दुर्गंधी सहन होत नाही. मात्र अगदी थोडा घेऊन पातळ केला की तोच गोड, उबदार वास देतो आणि इतर सुगंधांना टिकवून धरतो. अरबीत त्याला 'जबाद' म्हणतात, त्यातूनच आपली 'जवादी' आली. अबुल फजलनेही 'आइन-ए-अकबरी'त सुगंधी द्रव्यांमध्ये त्याची नोंद केली आहे.

कस्तुरी आणि जवादी या दोन वासांचं नातं विसाव्या शतकात प्रयोगशाळेतही सिद्ध झालं. लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने दोन्ही द्रव्यांतल्या मुख्य घटकांची रचना उलगडली. कस्तुरीतलं मस्कोन म्हणजे कार्बनच्या १५ अणूंचं मोठं कडं, जवादीतलं सिव्हेटोन १७ अणूंचं. इतकी मोठी कडी निसर्गात असू शकतात, यावर तोवर रसायनशास्त्राचा विश्वास नव्हता. रुझिच्का यांना १९३९ साली नोबेल मिळालं. हरीण आणि जवादी मांजर यांचा वास एका शब्दात ठेवणाऱ्यांचं नाक पक्कं होतं.

या सुगंधाची किंमत मात्र प्राण्यांनी मोजली. कस्तुरी फक्त नर कस्तुरीमृगाकडे असते, पोटाखालच्या छोट्या पिशवीत. एका नराकडून जेमतेम २५ ग्रॅमच्या आसपास. पण हिमालयात लावलेल्या फासाला नर-मादी कळत नाही. एका पिशवीपायी माद्या आणि पाडसंही मरतात. जवादी मांजराला मारत नाहीत, म्हणून त्याचे हाल कमी समजू नयेत. इथिओपियात हा धंदा शतकानुशतकं चालला. प्राणी जेमतेम वळू शकेल एवढ्या काठ्यांच्या पिंजऱ्यात ठेवायचा, ठरावीक दिवसांनी शेपूट आणि मागचे पाय धरून ग्रंथी दाबायची, चमच्याने स्राव खरवडायचा आणि बैलाच्या शिंगात भरून परदेशी पाठवायचा. निशाचर, एकट्याने रानभर हिंडणाऱ्या जीवाचं सगळं आयुष्य असं जातं.

आज याची काहीएक गरज उरलेली नाही. आल्बर्ट बाऊर यांना स्फोटकांवर काम करताना कृत्रिम कस्तुरीगंध सापडला तो १८८८ साली. मस्कोन आणि सिव्हेटोनही आता कारखान्यात बनतात. वनस्पतीच हवी असेल तर आयुर्वेदाला परिचित असलेली लताकस्तुरी आहे, भेंडीच्या जवळची. तिच्या बियांनाच कस्तुरीचा वास असतो. विठ्ठलाच्या कपाळीच्या कस्तुरीटिळ्याची आठवण मराठी मनाला प्रिय आहे, ती राहावी. पण 'अस्सल कस्तुरी' म्हणून कुणी काही विकत असेल तर ते एक तर बनावट असतं, नाही तर गुन्हा. कस्तुरीमृगाची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

आणि जवादी मांजर काही दूरदेशीचं नाही. महाराष्ट्रात ते गवताळ माळावर, झुडपांत, गावाच्या कडेला राहतं. उंदीर आणि किडे खाऊन शेतकऱ्याचं कामच करतं. त्याचं भावंड उदमांजर कोकणातल्या माळ्यांवर, कौलांखाली मुक्काम करतं, फळं खातं आणि बिया दूरवर टाकून झाडं रुजवतं. रात्री छपरावर खुडबुड झाली की लोक घाबरतात आणि काठी उचलतात. ती उचलू नये. दोन्ही प्राण्यांना कायद्याचं संरक्षण आहे. घरात शिरलंच तर दार-खिडकी उघडी ठेवावी, अंधार करून त्याला वाट द्यावी. जखमी दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.