मैदान जागेवरच आहे, आपणच उठून गेलो

मंडळी, आज जरा कडू लिहितोय. राग आला तर घरी येऊन भांडा, चहा मिळेल.

गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी आमचे मावसभाऊ बसले होते. मूळचे लश्करातलेच, आता पुण्याला असतात. म्हणाले, "काय दादा, ग्वाल्हेरला आता आपल्या महाराजांच्या नावाचं स्टेडियम झालं! जुन्या त्या डबड्याचं काय करणार आहेत?"

डबडं म्हणे!

शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर माझा राग नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला तिथे भारत-बांगलादेश सामना झाला, चौदा वर्षांनी शहराला आंतरराष्ट्रीय क्रिकेट दिसलं. माधवराव शिंदे १९९० ते ९३ क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते, त्यांचं नाव दिलं ते योग्यच. मोठ्या सामन्याला मोठी जागा आणि पार्किंग लागतं, तेही मान्य. पण नाव "आपलं" म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि शहरातल्या मैदानाला डबडं म्हणायचं, हे मला पटत नाही.

त्या डबड्याला नाव आहे कॅप्टन रूपसिंह यांचं. आमच्या पुतण्याने विचारलं, "काका, हे कुठल्या टीमकडून खेळायचे? रणजी?" अरे बाबा, हॉकी! ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंहांचे. ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते, पुढे इथेच राहिले. मैदानही मुळात हॉकीचंच. पुढे क्रिकेट आलं, हॉकी गेली आणि नाव तेवढं भिंतीवर राहिलं. तेव्हाही आपण काही बोललो नव्हतो.

२२ जानेवारी १९८८ ला वेस्ट इंडीजशी पहिला एकदिवसीय सामना झाला. बाबा, मी आणि धाकटा, तिघे घरून चालत गेलो होतो. आईने डब्यात पुऱ्या-भाजी दिलेली. चालत, हा शब्द लक्षात ठेवा. आता सामना बघायचा तर आधी गाडी शोधा, मग परतीची काळजी करा. सत्तरीच्या माणसाने ते करायचं की घरी टीव्ही लावायचा?

एप्रिल १९९७ मधला रणजीचा अंतिम सामना कोणाला आठवतो? मुंबई विरुद्ध दिल्ली, पांढरा चेंडू, पाच रात्री दिव्यांच्या उजेडात. गुलाबी चेंडूचं कौतुक आज जग करतं, पण प्रथम श्रेणीचा सामना रात्री खेळायचा प्रयोग आपल्या गावात तेव्हाच झाला होता. आम्ही दोघे भाऊ कामावरून सुटून आळीपाळीने जायचो. आमचं घर मुंबईकडून, समोरचे शर्माजी दिल्लीकडून. पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबई जिंकली आणि शर्माजी दोन दिवस बोलले नाहीत.

२४ फेब्रुवारी २०१० तर सगळ्यांना पाठ आहे. सचिन नाबाद २००, १४७ चेंडूंत, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक. (बायकांत बेलिंडा क्लार्कने १९९७ लाच केलं होतं, हे आपण सोयीने विसरतो.) जगभर कुठेही ग्वाल्हेर सांगितलं की लोक ही खेळी काढतात. तो त्या मैदानावरचा शेवटचा एकदिवसीय सामना ठरला.

मागणी फार मोठी नाही. शाळा-कॉलेजचे सामने तिथेच होऊ द्या. फाटकाशी एक मोठा फलक लावा, हिंदीत आणि मराठीत: रूपसिंह कोण, १९९७ च्या रात्री काय झालं, २०१० ला काय झालं. आपल्या मंडळाकडे गणपतीची वर्गणी जमते, मग फलकाला पैसे नाहीत असं मला कोणी सांगू नये. परवानगीच्या अर्जावर पहिली सही माझी.

आणि हो, मार्च २०२३ मध्ये इराणी करंडक याच मैदानावर झाला. यशस्वी जैस्वालने एका सामन्यात २१३ आणि १४४ काढले. आपल्यापैकी कोण कोण गेलं होतं? मी नव्हतो गेलो. ऊन फार आहे म्हणालो आणि घरीच झोपलो.