वायफायचा पासवर्ड तुमचाच मोबाईल नंबर आहे? मग हे वाचाच

गेल्या आठवड्यात घरचं नेट इतकं रखडायला लागलं की लेकीचं लेक्चर दर पाच मिनिटांनी अडकायचं. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "सर, प्लॅन वाढवून घ्या." पैसे वाढवण्याआधी म्हटलं, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघू तरी. घरातले मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही सगळं धरून आमची उपकरणं सात. जोडलेली दिसत होती तेरा!

कोणी मोठा हॅकर वगैरे नव्हता हो. आमचा पासवर्ड होता माझाच मोबाईल नंबर. कनेक्शन जोडायला आलेल्या पोराने तोच टाकला होता, "काका, लक्षात राहतो" म्हणून. आणि हा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहे, गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे, किराणावाल्याकडे आहे. वर वायफायचं नाव काय, तर माझंच आडनाव. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच अडकवून ठेवायची, त्यातला प्रकार.

बायको म्हणाली, "नेटच तर वापरतायत, वापरू दे की." मलाही क्षणभर पटलं. मग सानपाडा आठवलं.

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये एकामागोमाग स्फोट झाले, ५६ जीव गेले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत एटीएस पोचली ती आपल्या नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय असुरक्षित होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. पण संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत चौकशी झाली, कॉम्प्युटर जप्त झाले, जगभर नाव झालं. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. मी तेव्हा नेरुळला राहायचो. महिनाभर सगळे याच विषयावर बोलत होते. नंतर विसरलो.

यामागचं गणित साधं आहे. तुमच्या घरातून कोणीही काहीही पाठवलं, तरी बाहेर दिसतो तो तुमच्या कनेक्शनचा आयपी पत्ता. पोलीस कंपनीला विचारतात, अमुक वेळेला हा पत्ता कोणाकडे होता? कंपनी बिलावरचं नाव देते. जिन्यात बसून कोणाचा फोन जोडलेला होता, हे त्या बिलावर नसतं. आज ऑनलाइन फसवणूक, खोटी अकाउंटं, घाणेरडे व्हिडिओ यांचा सुळसुळाट असताना ही जोखीम २००८ पेक्षा कमी झालीय असं मला तरी वाटत नाही.

मग शेजारधर्म सोडायचा का? अजिबात नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्या मजल्यावरच्या दोन मुलांची शाळा आमच्याच वायफायवर झाली, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण आपण ओळखून दिलेलं वेगळं आणि कोणीही घेतलेलं वेगळं.

करायचं एवढंच:

१) पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तरी चालतात. मोबाईल नंबर, जन्मतारीख, फ्लॅट नंबर नको.

२) राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तो बऱ्याच ठिकाणी 'अॅडमिन' असाच राहिलेला असतो. तोही बदला.

३) सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. डब्ल्यूईपी असेल तर ते नसल्यातच जमा. डब्ल्यूपीएस बंद करा.

४) पाहुणे आणि शेजाऱ्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या आणि अधूनमधून बदला.

वायफायचं नाव लपवून ठेवलं की झालं, असं काहीजण सांगतात. माहितगाराला ते सापडतंच, त्याच्या भरवशावर राहू नका.

पण सगळं ओझं ग्राहकावरच का? नेट देणाऱ्या कंपन्या आणि केबलवाले पैसे घेतात, तर जोडणी करताना ग्राहकालाच पासवर्ड टाकायला लावणं हा त्यांच्या कामाचा भाग असला पाहिजे. तुमच्या केबलवाल्याला तसं सांगा. आणि सोसायटीच्या कमिटीलाही: ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहायचा आणि सीसीटीव्ही त्याच वायफायवर जोडायचा, हे आमच्याकडे चालू होतं. येत्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे.

असो. मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका मुलाने बिनदिक्कत विचारलं, "काका, तुमचं नेट बंद आहे का?" बारावीचा आहे बिचारा. त्याला गेस्टचा पासवर्ड दिला. उरलेले पाच अजून विचारायला आलेले नाहीत.

तुम्हीही आज जेवण झालं की आपल्या राउटरमध्ये डोकावून बघा. किती निघाले ते खाली सांगा.